सालाखालची चांदणी

आमच्या घरात वाईट बातमी यायचीच असेल तर ती समुद्राकडून येईल, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होऊन बसली होती. माझा भाचा निनाद गेली दहा वर्षं मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात आहे. फोन अवेळी वाजला की आधी त्याचंच नाव तोंडात यायचं. त्या दिवशी सकाळी साडेअकराला मी मालवणात बँकेच्या कॅश काउंटरवर होते. मशीनमध्ये नोटा फडफडत होत्या, समोर सात-आठ माणसांची रांग होती आणि दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, निनादच्या वडिलांचा, फोन आला. दादा कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. मी त्याला बोलूही दिलं नाही. "निनाद बरो आसा मां?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, "निनाद बरो आसा. तुझी वयनी बोलणा नाय गो."

मला आधी हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग डोक्यात शिरायला वेळ लागला. रिक्षाने तारकर्लीला दादाच्या घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. सुनंदावहिनी पडवीच्या पायरीवर बसल्या बसल्या भिंतीला टेकली होती, ती तशीच गेली. मांडीवर सूप होतं, ते कलंडून दोन रुपयांची नाणी खळ्यात, पुढच्या अंगणात पसरली होती. शेजारच्या बायका ये-जा करत होत्या, त्यांच्या पायांखाली नाणी खळखळत होती आणि वाकून एकही उचलावं असं कोणाला वाटत नव्हतं. या गोष्टीला आता दोन महिने होतील.

वहिनी मूळची बांद्याची. बाजारपेठेचं गाव, नारळी-पोफळी, नदी, पण समुद्र नाही. लग्न होऊन तारकर्लीला आली तेव्हा तिने पहिल्या आठवड्यात दादाला विचारलं होतं म्हणे, "ह्यो आवाज रात-दीस असोच येता?" दादा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. दुरुस्त केलेलं इंजिन होडीला लावून एक फेरी मारून बघावी लागते. तो फेरीला गेला की वहिनी माडाला हात टेकून उभी राहायची आणि होडी वळताना दिसली की लगेच घरात पळायची, म्हणजे आपण उभे होतो हे त्याला कळू नये. काळजी तोंडाने बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती काळजी तिच्या हातांत उतरायची. कोकमं फोडून झाली, आंब्याची साटं वाळवून झाली, काही उरलं नाही की निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायला घ्यायची.

निनादला बारावीनंतर बोटीवरच्या प्रशिक्षणाला बोलावलं, तेव्हा त्याने शाळेपासून जमवलेल्या नाण्यांचा अल्बम तिच्या हातात दिला. प्लास्टिकच्या खणांचा, साधाच. रुपया, दोन रुपये आणि पाच रुपये, प्रत्येक वर्षाचं आणि प्रत्येक टांकसाळीचं एकेक नाणं जमवायचं, असा त्याचा बेत होता. जाताना म्हणाला, "आई, मी येयसर रिकामे खण भरून ठेव." त्याने ते सहज म्हटलं असणार. मुलगा घराबाहेर पडताना आईला काहीतरी काम देऊन जातो, तसं. तिने मात्र ते काम उरलेलं सगळं आयुष्य केलं.

नाण्यावर साल असतं, त्या सालाच्या खाली बारीक खूण असते. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कलकत्त्याची काहीच नाही. निनादने हे तिला एकदाच सांगितलं. पुढे तीच मला शिकवायची, बँकेत वीस वर्षं नाणी हाताळलेल्या मला, जिने ती खूण कधी बघितलीच नव्हती. बाहेरून विकत घ्यायचं नाही, हा तिचा नियम. पुण्या-मुंबईला विकणारे असतात, मागवून देते, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाली, "इकत घेवक काय, तां कोणव घेतला. गावूक व्हया." म्हणजे आपसूक सापडायला हवं.

तेव्हापासून मी तिची पुरवठादार झाले. बँकेत नाणी शंभर-शंभरच्या पाकिटांत येतात. टांकसाळीतून आलेल्या नव्याकोऱ्या पाकिटाचा तिला उपयोग नसे, त्यात शंभरच्या शंभर नाणी एकाच सालाची. तिला हवी असत ती दुकानदारांनी भरलेली, आम्ही शाखेतच मोजून बांधलेली जुनी नाणी. नाणी मागायला येणारं गिऱ्हाईक आमच्याकडे विरळाच, त्यामुळे साहेबही खूश. कुणकेश्वरच्या यात्रेहून गुळाचं खाजं विकणारे परतले की मी तिला फोन करायची. त्यांच्या नाण्यांना गुळाचा चिकटा असायचा, वहिनी ती कोमट पाण्यात टाकून मग बघायची. बघून झालेली नाणी ती मासळीबाजारात नेऊन द्यायची. कोळणींना सुट्ट्या पैशांची नेहमीच टंचाई. त्या तिला नोट द्यायच्या, वर दोन बांगडेही टोपलीत टाकायच्या. दादा इंजिनात डोकं घालून म्हणायचा, "लोखंड बघीत बसता नि मासळी घेवन येता. धंदो बरो आसा." त्याने त्या अल्बमला कधी हात लावला नाही.

हे सगळं सुखाचं वाटतं, आणि बरीच वर्षं ते सुखाचंच होतं. मग तीन वर्षांपूर्वी निनादची बोट आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरून पडली. मालकाने हात वर केले, तिथल्या अधिकाऱ्यांनी बोट अडकवून ठेवली, आणि तिच्यावरच्या चौदा माणसांना ना उतरता येईना, ना पुढे जाता येईना. पगार थांबला. पुढे डिझेल संपत आलं म्हणून दिवसातून दोनच तास वीज. भरती करणाऱ्या एजंटाचा फोन आधी "बघतो" म्हणायचा, मग लागेनासाच झाला. आम्ही अर्ज केले, कुडाळला जाऊन आलो, मुंबईला जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी कागद घेतला जायचा आणि प्रत्येक ठिकाणी खुर्चीतला माणूस बरं बोलायचा... हातात मात्र काही नाही. निनादचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तीन-चार मिनिटं.

वहिनीने त्या काळात रडारड केली नाही. ती पाकिटं वाढवायला लागली. आधी आठवड्याला एक न्यायची, ती दोन न्यायला लागली, मग चार. तिची बोटं काळी दिसायला लागली आणि तिच्याजवळ बसलं की त्या नाण्यांचा वास यायचा, ओल्या लोखंडी कढईचा असतो तसा. दादा त्याच महिन्यांत एकाच होडीचं इंजिन तीनदा खोलून पुन्हा बसवत होता. होडीवाला मला बाजारात भेटला तर म्हणाला, "ताई, इंजिन चांगला चलता हां. दादाक सांगा."

एका दुपारी वहिनीने मला अल्बम दाखवला. सगळा भरला होता. फक्त दोन रुपयांच्या पानावर एक खण रिकामा. अमुक साल, हैदराबादची चांदणी. ते साल मी मुद्दामच लिहीत नाही, वाचून कोणीतरी हौसेने शोधायला लागेल. त्या खणावर बोट ठेवून ती म्हणाली, "ह्यो एकच रवलो गो." एवढंच. पण तिचा चेहरा बघून मी मनाशी जुळवलं ते असं: हिने मनोमन नवस केला आहे. हा खण भरला की पोरगा येणार, असं हिने देवाशी ठरवलं आहे. मला धडकी भरली. देवाला नारळ बोललेला माणूस मी समजू शकते, नारळ बाजारात मिळतो. पण हे नाणं मिळणार कुठून?

मी वहिनीला न सांगता पुण्याच्या एका नाणेविक्रेत्याचा नंबर मिळवला. म्हटलं, विकत घेऊ आणि गुपचूप एखाद्या पाकिटात टाकू, तिला आपोआप सापडेल. त्याने साल विचारलं, खूण विचारली आणि हसला. "मॅडम, त्या वर्षी हैदराबादला दोन रुपये पाडलेच नाहीत. हे नाणं कुणाकडेच नाही. सगळ्या टांकसाळी दर वर्षी सगळी नाणी पाडत नाहीत, तुम्ही तर बँकेत आहात ना?" मी फोन ठेवला आणि बाकीचा दिवस माझा नोटांचा हिशेब दोनदा चुकला. ती जीव टांगून शोधत होती ते नाणं जगातच नव्हतं. सांगावं तर तिच्या हातातली काठी काढून घेतल्यासारखं. न सांगावं तर ती जन्मभर शोधत बसणार, आणि उद्या निनादचं काही बरंवाईट झालं तर म्हणणार, मीच कमी पडले...

त्या भीतीत मी एक मूर्खपणा केला. बाजारातल्या एका सोनाराकडे गेले. त्याच सालाचं, खालची जागा कोरी असलेलं नाणं त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, सालाच्या खाली एक चांदणी ठोकून मिळेल का? त्याने भिंग लावून बघितलं, मग भिंग काढून माझ्याकडे बघितलं. तो मला ओळखत होता, त्याचं खातं आमच्याच शाखेत. हळूच म्हणाला, "ताई, ह्या पोलाद. ठशान वाकडा होतला. नि सरकारी नाण्याक हात लावूक तुमीच सांगतास?" मी नाणं उचललं आणि पायरी उतरले. परतताना कानशिलं तापली होती. वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढी घाबरलेली कधी नव्हते, आणि कशाला, तर दोन रुपयांच्या एका नाण्याला.

मग निनादचे फोन बंद झाले. एक आठवडा, दोन, तीन. बोटीवरची वीज गेली असेल, मोबाईलचं कार्ड संपलं असेल, आम्ही एकमेकांना कारणं सांगायचो. त्या तिसऱ्या आठवड्यात वहिनी भर दुपारी बँकेत आली. काउंटरच्या काचेतून हात पुढे केला. माझ्याकडे दोन रुपयांचं एकही जुनं पाकीट नव्हतं. "नाय गो वयनी, येवकच नाय," मी म्हटलं. ती हो म्हणाली, बाजूच्या बाकावर जाऊन बसली आणि उठेचना. पदराचं टोक दोन बोटांत धरून ती उलटसुलट करत होती, नाणं बघताना करते तसं. मी रांग संपवली, शेजारच्या मुलीला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"वयनी, एक गजाल सांगूची आसा. रागव नको."

"सांग."

"तां नाणा त्या वर्सा पाडूकच नाय. मी पुण्याक इचारलंय. तां खंयच नाय."

मला वाटलं ती कोसळेल. मी तिचा दंडही धरला होता. ती पदराशी खेळायची थांबली आणि म्हणाली, "माका ठावक आसा."

"तुका? कोणी सांगल्यान?"

"निनादान. दोन वर्सां झाली. बोटीर बसान कायतरी बघल्यान नि म्हणालो, आई, तो खण सोड, तां नाणा नाय."

"मगे इतकी पाकिटां कित्याक गो नेतंस?"

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. बँकेत तेव्हा पंखे फिरत होते आणि कोणीतरी पासबुक छापून घेत होतं, त्याचा करकर आवाज येत होता. मग ती माझ्याकडे न बघता बोलली. "तां नाणा नाय, ह्या माका ठावक आसा. शंभर बघितलंय तरी नाय, हजार बघितलंय तरी नाय. थंय काय भियाचा नाय. बघूक बरा वाटता... निनादाचा माका कोण सांगणा नाय. आसा काय..." पुढचं तिने उच्चारलं नाही. मीही तिला उच्चारू दिलं नसतं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, पिशवी सारखी केली आणि म्हणाली, "दोन रुपयाचा नाय तर रुपयाचा दी. रिकाम्या हातान घराक जावचंय नाय." मी तिला रुपयाची तीन पाकिटं दिली.

त्यानंतर पाच आठवड्यांनी एका परक्या नंबरवरून निनादचा आवाज आला. बोट विकली गेली होती, माणसांना सोडलं होतं. कुडाळ स्टेशनवर त्याला आणायला दादा आणि मी गेलो. वहिनी आली नाही, घरी पेज शिजवत बसली. गाडीतून उतरला तो निनाद मला आधी ओळखूच आला नाही, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. दादाने त्याच्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "इंजिन खयचा होता?" सात महिने बोटीवर अडकून पडलेल्या पोराला बापाने विचारलेला पहिला प्रश्न. निनादने नीट उत्तर दिलं, आणि दादा मान डोलवत ऐकत राहिला, ऐकता ऐकता त्याने बॅग दोनदा या हातातून त्या हातात घेतली. घरी वहिनीने मुलाचे दोन्ही तळवे उलटे करून बघितले, नखं बघितली, म्हणाली, "जा, न्हावन ये," आणि मागच्या दारी गेली. तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे, पेज करपली.

चार-पाच महिने तिने एकही पाकीट मागितलं नाही. मग निनादला दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. मला वाटलं होतं ती त्याला आडवी येईल. तीच म्हणाली, "जांव दे. आमच्या रडण्यान काय बोटी थांबतत?" तो ज्या दिवशी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर हजर. मी न विचारता दोन रुपयांचं पाकीट काढून दिलं. तिच्या त्या शोधाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

ती गेली त्या दिवशी तिची बातमी बोटीवर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीला फोन केला, त्यांनी बोटीला कळवलं की घरी बोलून घ्या. एवढंच कळवलं. दुपारी निनादचा फोन आला, उपग्रहावरून, आपलं बोलणं तिकडे पोचायला वेळ लागतो तसला. "आत्या, बाबांका काय झाला?" मी म्हटलं, "बाबा बरे आसत." आवाज जाऊन यायला लागतो त्याहून जास्त वेळ गेला... मग तो म्हणाला, "आई?"

तो पोचला तो बाराव्या दिवशी. कार्य झाल्यावर पडवीत बसून त्याने मला त्या सात महिन्यांची एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. बोटीवर पाणी मोजून मिळत होतं, एकाने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हे त्याला फोनवर सांगायचं नव्हतं. आणि इकडे वहिनीलाही आपण जेवत नाही, झोपत नाही हे त्याला सांगायचं नव्हतं. "मगे मी इचारायचंय, आई, चांदणी गावली? ती म्हणायची, नाय रे, अजून नाय. चार मिन्टां आमी त्याच गजाली करायचों." दोघांनाही ठाऊक होतं की ते नाणं नाही. दोघांनीही एकमेकांना ते आठवून दिलं नाही.

गेल्या आठवड्यात निनाद परत गेला. जाताना मला कंपनीचे, बोटीचे सगळे नंबर एका कागदावर लिहून देऊन गेला. आता ते माझ्या पर्समध्ये असतात आणि फोन वाजला की माझा हात आधी त्या कागदाकडे जातो. रात-दिवस जी भीती वहिनी एकटी सांभाळत होती, ती तिने कोणाच्याही हवाली केली नाही, तरी ती आपसूक आमच्यात वाटली गेली. माझ्या वाट्याला किती आली ते मला कळतंय. दादाचं काही कळत नव्हतं. तो इंजिनं उघडत होता, जेवत होता, विचारलं तर "बरां आसा" म्हणत होता.

मंगळवारी साडेदहाला मी मान वर केली तर दादा रांगेत उभा. इतक्या वर्षांत तो माझ्या शाखेत आलेला मला आठवत नाही, त्याचं खातंही दुसरीकडे. पुढची तीन माणसं आटपेपर्यंत तो शांत उभा राहिला, आपली पाळी आल्यावर काचेच्या खाली वाकला. खिशातून दोनशे रुपये काढून ठेवले. नोटेवर ग्रीसचं बोट उमटलं होतं.

"तुझी वयनी न्हेय ती पिशवी आसा?"

मी पाकीट दिलं. त्याने ते तळहातावर तोललं, उलटून बघितलं. मग अगदी हळू, रांगेतल्या माणसांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "हेच्यात बघूचा काय असता गो?"

मी ट्रेमधलं एक नाणं उचललं, काचेपाशी धरलं आणि पेनाच्या टोकाने जागा दाखवली. त्याने मान हलवली, "बरां" म्हणाला आणि गेला. दोन माणसांनंतर मी दाराकडे बघितलं. तो बाहेर उन्हात, स्कूटरपाशीच उभा होता. पाकीट फोडून सीटवर ठेवलं होतं आणि एक नाणं हाताच्या पूर्ण लांबीवर धरून तो डोळे बारीक करून बघत होता, चष्मा घरी विसरला होता. बघून झालं की ते डाव्या खिशात, पुढचं उचल. रांगेतल्या माणसाने काचेवर टकटक केली तरी मी तशीच बघत राहिले.